चित्रात काहीच नाही, मग आत काय हललं?

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि जे इअरफोन घरी विसरून एसटीत बसलेत त्यांच्यासाठी हाच एपिसोड. बोलताना मी जे तीनदा बोललो ते इथं एकदाच ठेवलंय. घाईत राहून गेलेलं थोडं घातलंय.

सुरुवात एका फॉरवर्डपासून करतो. २०२२ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९६९ सालचं एक चित्र ४२ कोटी रुपयांना गेलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. फोटोखाली एकाने लिहिलं होतं, ‘आमच्या बाथरूमच्या भिंतीला अशीच ओल आलीय, बोली कितीपासून सुरू?’ मी पोट धरून हसलो आणि तो मेसेज आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना पाठवला. आप्पा शिरवळमध्ये पस्तीस वर्षं रंगारी होते. अर्ध्या गावाची घरं त्यांनी रंगवली, एमआयडीसी वाढली तशा कंपन्यांच्या शेड रंगवल्या. मी खाली लिहिलं, ‘आप्पा, तुमचे पैसे बुडाले.’ त्यांचं उत्तर आलं, ‘फोटोत काय कळतंय.’

तेव्हा मला वाटलं, वय झालंय, फोटो नीट दिसत नसेल. दिसत नव्हतंच, कारण मोतीबिंदू होता. पण ते बोलले ते बरोबर होतं, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

मध्यंतरी चुलतभावाच्या लग्नासाठी आम्ही मुंबईला गेलो. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स नुकतीच झाली होती. एक सकाळ मोकळी मिळाली म्हणून काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. आप्पांना शिवकालीन हत्यारं बघायची होती. ती बघितली, मग फिरत फिरत जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाच्या दालनात पोचलो. तिथं आधुनिक भारतीय चित्रं असतात. आणि त्या दिवशी तिथं एक गायतोंडे लावलेलं होतं.

उभं चित्र. निळ्यात हिरवं, की हिरव्यात निळं, ते सांगता येत नाही. मध्ये काही गडद आकार, पण आकार म्हणावेत असे धड नाहीत. विहिरीत वाकून बघितल्यावर तळाशी काहीतरी आहे असं वाटतं ना, तसे. मी मोबाईल काढला, फोटो काढला, आता पुढं जायचं. पण पुढं गेलो नाही. का ते कळेना. घसा दाटून आला. म्हणजे अगदी खरं सांगतो, मी बीटेक केलेला माणूस, पगार कापला तरी न रडणारा, आणि कापडावरच्या रंगासमोर उभा राहून आवंढा गिळतोय.

असं होणारा मी पहिला नाही. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९७१ पासून एक प्रार्थनास्थळ आहे, रॉथको चॅपेल. आत मूर्ती नाही, कथा सांगणारं चित्र नाही. मार्क रॉथको या चित्रकाराची १४ मोठी, जवळजवळ काळीच वाटावीत अशी चित्रं आहेत. तिथल्या अभिप्रायाच्या वह्यांमध्ये लोक लिहून जातात की आम्ही रडलो. जेम्स एल्किन्स या कला-इतिहासकाराने २००१ मध्ये चित्रांसमोर रडणाऱ्या माणसांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात याच चॅपेलपासून होते.

रॉथको, बार्नेट न्यूमन वगैरे मंडळींनी १९५० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये जे सुरू केलं त्याला ‘कलर फील्ड’ म्हणतात. मराठीत रंगक्षेत्र म्हणता येईल, मी आपलं रंगाचं रान म्हणतो. चित्रात माणूस नाही, झाड नाही, कुंचल्याचा फटकारासुद्धा फारसा नाही. फक्त रंगाचा मोठा पसारा. आपले गायतोंडे त्या गटातले नव्हेत. मूळ गोव्याच्या घरातले, जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, तिथून १९४८ ला बाहेर पडले. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला जाऊन आले, म्हणून लोक त्यांची रॉथकोशी जोडी लावतात. पण ते त्याआधीपासूनच त्या वाटेवर होते. त्यांच्यावर झेन विचाराचा प्रभाव मोठा होता. स्वतःच्या चित्रांना ते ‘अमूर्त’ म्हणू देत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. दोन्हीत फरक आहे. अमूर्त म्हणजे वस्तूवरून सुरुवात करून ती पुसत नेणं. त्यांचं म्हणणं, इथं वस्तू मुळात नव्हतीच.

आता प्रश्न असा की वस्तूच नाही तर भावना येते कुठून?

माझं रोजचं काम यात उपयोगी पडलं. रंगवलेल्या पार्टवर ओरखडा, फुगा, धूळ आहे का, हे कॅमेऱ्याने शोधणारं सॉफ्टवेअर मी लिहितो. त्यातली पहिली पायरी म्हणजे ‘एज डिटेक्शन’, कडा शोधणं. जिथं उजेड एकदम बदलतो तिथं कड, कडा जुळल्या की आकार, आकार ओळखला की वस्तू. आपला मेंदूही साधारण असंच करतो. डोळ्याकडून येणाऱ्या माहितीतल्या विशिष्ट कोनाच्या कडांना मेंदूतल्या ठरावीक पेशी प्रतिसाद देतात, हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं.

लग्नाहून परत आल्यावर मी गंमत म्हणून त्या चित्राचा फोटो माझ्या स्क्रिप्टमधून काढला. कडांच्या जागी जवळपास काळी पाटी. मग वस्तू ओळखणारं मॉडेल लावलं. ते म्हणालं, पतंग, आणि तेही ३१ टक्के खात्रीने. म्हणजे बिचाऱ्याला काहीच सापडलं नाही, पण काहीतरी उत्तर देणं भाग होतं.

आपला मेंदूही तिथंच अडकतो. एरवी आपण चित्र ‘बघत’ नाही, ओळखतो आणि सोडून देतो. बाई, गाय, देऊळ, चला पुढं. नावं देऊन झाली की बघणं संपतं. इथं नाव देता येत नाही, म्हणून काम संपत नाही. नोबेल मिळालेले मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी २०१६ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की चित्रात ओळखायला कमी दिलं, की बघणाऱ्याचा मेंदू स्वतःच्या आठवणी, अपेक्षा, मनःस्थिती वापरून उरलेलं भरतो. चित्रकार अर्धवट सोडतो आणि उरलेलं तुमच्याकडून घेतो.

खंबाटकी घाट ज्यांनी श्रावणात चढलाय त्यांना हे पटकन कळेल. शिरवळहून साताऱ्याकडे निघालात आणि मध्येच धुक्यात शिरलात. पुढची गाडी नाही, कठडा नाही, दरी नाही, सगळीकडे एकच पांढरं. अशा वेळी माणूस नुसता ‘पांढरं दिसतंय’ म्हणून बसत नाही. छातीत धडधडतं, किंवा उलट एकदम शांत वाटतं. मागे बसलेली आजी नामस्मरण सुरू करते. बाहेर दिसण्यासारखं काही उरलं नाही, की आतलं मोठं ऐकू येतं. सगळीकडे एकसारखा उजेड दिसला तर काय होतं, यावर जर्मनीत १९३० च्या सुमाराला वोल्फगांग मेट्झगर यांनी प्रयोग केले होते. अशा एकसारख्या पसाऱ्याला ‘गान्झफेल्ड’ म्हणतात. त्यात बराच वेळ राहिलं तर काहींना नसलेल्या गोष्टीसुद्धा दिसायला लागतात.

म्हणून आकाराला महत्त्व आहे. रॉथको मोठमोठी चित्रं काढायचा आणि सुमारे दीड फुटावरून बघावीत असं सुचवायचा. इतक्या जवळून चित्राची चौकट दिसेनाशी होते. कोपऱ्यातून भिंत, दिवा, सुरक्षारक्षक काही दिसत नाही. तुम्ही घाटातल्या धुक्यात.

आणखी एक गंमत आहे, ती घरी करून बघा. एका ठिपक्यावर नजर रोखून धरा. थोड्या वेळाने आजूबाजूचे फिके, पुसट कडांचे डाग नाहीसे व्हायला लागतात. हे १८०४ मध्ये ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टराने नोंदवलं. न बदलणाऱ्या गोष्टीची बातमी मेंदू हळूहळू बंद करतो, आणि नजर जरा हलली की ती परत येते. रॉथकोच्या चौकोनांच्या कडा मुद्दाम अशा पुसट ठेवलेल्या आहेत. त्यामुळे ते चौकोन येतात, जातात, पुढं सरकतात, मागं जातात. लोक म्हणतात चित्र श्वास घेतं. हलतंय ते तुमच्या डोळ्यात, पण हलवायची व्यवस्था चित्रकाराने करून ठेवलीय.

मोबाईलवर यातलं काही होत नाही. सहा इंचात धुकं मावत नाही. शिवाय नेहमीच्या जेपेग फोटोत उजेडाचा तपशील जपतात आणि रंगाचा तपशील बहुतेक वेळा कमी करून टाकतात, कारण डोळा उजेडातला बारीक फरक जास्त नेमका पकडतो. चेहऱ्याच्या फोटोत हे खपून जातं. पण ज्या चित्रात रंगाच्या बारीक फरकाशिवाय दुसरं काही नाहीच, त्याचा फोटो म्हणजे भाजीचा रस्सा गाळून नुसता वास पाठवल्यासारखं. ‘फोटोत काय कळतंय’ ते हे.

आता आप्पांकडे येतो. मी घसा खाकरत उभा होतो तेव्हा ते चित्राच्या डाव्या बाजूला जाऊन, मान तिरकी करून, पृष्ठभागावर उजेड कसा पडतो ते बघत होते. भिंतीचं काम तपासताना बघतात तसं. रक्षक दोनदा जवळ येऊन गेला. मग मला म्हणाले, “किती हात हायत रं ह्याला?”

ज्यांच्या घरी कधी रंगकाम झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, रंगाच्या एका थराला आमच्याकडे ‘हात’ म्हणतात. लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, प्रायमर, मग पहिला हात, दुसरा हात. आप्पा म्हणाले, “ह्यो एका दिवसाचा धंदा न्हाई. वाळू दिलाय, परत मारलाय, परत काढलाय. आन् रोलर हाय ह्याच्यात.”

मी म्हणलं, काहीतरीच काय, एवढा मोठा चित्रकार रोलर कशाला वापरेल? घरी येऊन वाचलं तर गायतोंडे खरंच रोलर वापरत. रोलर आणि पॅलेट नाइफ. ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे, मासिकाचे फाटके कपटे ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. रंग थोडा निघतो, खालचा थर उघडा पडतो, वर पुन्हा पातळ थर. चित्राचा विचार करण्यात दिवसचे दिवस जायचे, वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण व्हायची. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा या कामाच्या पद्धतीवर बरंच लिहिलं गेलं. आप्पांना ते दोन मिनिटांत दिसलं होतं.

आणि हे थर म्हणजे नुसती कारागिरी नाही, भावनेचा अर्धा हिशोब तिथंच आहे. पातळ थरातून उजेड आत शिरतो, खालच्या थरावर आपटून परत येतो. प्रत्येक थरातून येताना थोडा बदलतो. डोळ्याला एकच रंग दिसत नाही, खोली दिसते. डब्यातला तोच रंग एका जाड हातात मारला तर उजेड वरच्या वर परततो.

याचा पुरावा फार विचित्र रीतीने मिळालेला आहे. बार्नेट न्यूमनचं एक चित्र आहे, जवळजवळ संपूर्ण लाल, सुमारे साडेपाच मीटर रुंद. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये १९८६ साली एका माणसाने चाकूने ते फाडलं. (नुसत्या लालभडक कापडाचा इतका राग येऊ शकतो, हीसुद्धा भावनाच झाली.) ते दुरुस्तीला गेलं आणि १९९१ मध्ये परत आलं तेव्हा मोठा वाद पेटला. अनेक तज्ज्ञांचा आक्षेप होता की दुरुस्तीत लाल भागावर रोलरने नवा रंग मारला, आणि मूळ थरांचं आतून येणारं तेज गेलं. विचार करा, आकार तोच, लाल जवळपास तोच, लिहून दाखवावा असा काही फरक नाही. पण आधीपासून ते चित्र ओळखणाऱ्यांना ते मेल्यासारखं वाटलं. मी ही गोष्ट आप्पांना सांगितली तर म्हणाले, “रोलरचा काय दोष. हात कुणाचा हाय त्ये बघाय पाहिजे.”

राहिला रंगांचा अर्थ. रीलवर ऐकलं असेल, निळा म्हणजे शांत, लाल म्हणजे राग, हॉटेलात पिवळा लावला की भूक लागते. यात थोडं तथ्य आहे. २०२० मध्ये ३० देशांतल्या ४,५९८ लोकांवर केलेला एक अभ्यास छापून आला. रंग आणि भावना यांच्या जोड्या देशोदेशी बऱ्याच सारख्या निघाल्या. पण त्यातही लाल एकाच वेळी प्रेमाशी आणि रागाशी जोडला गेला. म्हणजे तक्ता पाठ करून चित्र कळेल अशी आशा सोडा. मला त्याहून पटतं ते कॅलिफोर्नियातल्या स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांचं २०१० चं काम. ते म्हणतात, ज्या वस्तू आपल्याला आवडतात त्यांच्या रंगांवर आपला जीव जडतो, नावडत्या वस्तूंचे रंग नकोसे होतात. रंगाच्या मागे कुठंतरी वस्तू असतेच, चित्रात नसली तरी बघणाऱ्यात असते.

माझी वस्तू मला जरा उशिरा सापडली. आप्पांनी विचारलं, “तुला काय झालं रं?” आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हाच मला कळलं. म्हणालो, “आजीच्या खोलीची भिंत.”

आमचं जुनं घर हायवेच्या कडेला होतं. मी सातवीत असताना रस्ता सहापदरी व्हायच्या कामात ते गेलं. त्या घरात मागच्या बाजूला आजीची खोली होती. तिची भिंत चुन्याची, त्यात नीळ घातलेली. दुपारी दार लोटून घेतलं की फटीतून येणारा उजेड त्या भिंतीवर पडायचा आणि ती हिरवट निळी दिसायची. आजी जात्याच्या बाजूला आडवी झालेली, बाहेर ट्रकचे हॉर्न, आणि मी त्या भिंतीकडे बघत पडलेला. माझ्याकडे त्या घराचे पाच-सहा फोटो आहेत. एकात आजीही आहे. ते बघून मला कधी काही झालं नाही. फोटोत मी आजी ओळखतो, घर ओळखतो आणि पुढं सरकवतो. त्या चित्रात ओळखण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भिंत सरळ आत आली.

हे मी आप्पांना तिथंच, बरंच अडखळत सांगितलं. म्हणालो, तुम्ही चुन्यात नीळ आणि चिमूटभर पिवडी टाकत असणार, म्हणून तो हिरवा यायचा.

आप्पा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पिवडी न्हवती त्यात. ती ओल हुती.”

“म्हणजे?”

“मागं गटार हुतं. दर पावसाळ्यात भित्तीला हिरवं चढायचं. दर दिवाळीला घासून दोन हात मारायचो, आखाड आला की परत हाय तसं. सगळ्या गावाची घरं रंगवली, आन् आईच्या खोलीची ओल काय गेली न्हाई. दम्यानं खोकायची ती तिथं पडून.”

आम्ही दोघं एकाच चित्रासमोर, एकाच रंगाकडे बघत होतो. मला त्यात दुपार दिसत होती. त्यांना पस्तीस वर्षांच्या धंद्यातलं न जमलेलं काम दिसत होतं. आणि गायतोंडेंच्या डोक्यात ना आमची दुपार, ना आमची ओल.

एक शंका मला राहिली होती. आप्पांना ते हिरवं त्या दिवशीच इतकं का टोचलं? याचं निदान अर्धं उत्तर त्यांच्या डोळ्यांत आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. मोतीबिंदूत हे फारच वाढतं. जग हळूहळू चहाच्या रंगाचं होतं, आणि हळूहळू होतं म्हणून कळत नाही. ऑपरेशन करून कृत्रिम भिंग बसवलं की निळा आणि पांढरा एकदम परत येतात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं, त्यानंतर त्याला आपलीच आधीची चित्रं खटकू लागली. आप्पांची पट्टी काढली त्या दिवशी ते स्वतःच्या टोपीकडे बघून म्हणाले होते, “ही एवढी पांढरी हुती व्हय?” मग घरी येऊन सगळ्या भिंतींवरून हात फिरवत हिंडले. कित्येक वर्षांत न दिसलेला निळा त्यांना नव्याने दिसत होता. आणि त्यात पहिल्यांदा मोठा, निवांत असा समोर आला तो हा.

तुम्हाला कधी संधी मिळाली तर मुंबईत हे संग्रहालय आहे, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आत काय लावलंय ते दर वेळी बदलतं, तेव्हा जाण्याआधी बघून घ्या. एकाच चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा, जवळून. पहिलं मिनिट कंटाळ्याचं जातं, दुसऱ्यात मोबाईल आठवतो. काहीच झालं नाही तरी काही बिघडत नाही. मला त्याच दालनातल्या बाकीच्या चित्रांसमोर काही झालं नाही. आणि कोटींचा आकडा डोक्यात घेऊन जाऊ नका, त्या आकड्याने मला दोन वर्षं आंधळं ठेवलं होतं.

परत आल्यावर आप्पांनी भोरहून चुन्याची पिशवी आणवली. नव्या घराच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर त्यांनी तीन चौकोन मारलेत. एकात नुसती नीळ, दुसऱ्यात नीळ आणि चिमूटभर पिवडी, तिसऱ्यात पिवडी जरा जास्त. काल संध्याकाळी मला बोलावून विचारलं, यातला कुठला? मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

म्हणाले, “ओला हाय अजून. वाळल्यावर बघ.”